एकशे सदुसष्ट पोल

बत्तीस वर्षं लाइनमन होतो मी.
किलोमीटर मला समजत नाही,
पोल समजतात.

आमच्या घरापासून नागभीडला रंजूच्या दारापर्यंत
एकशे सदुसष्ट.
त्यातले चाळीसेक मीच उभे केलेले.
एक वाकडा आहे, बोडीच्या पाळीवर,
तो माझा नाही.

प्रफुल हैदराबादला.
तिथपर्यंतचे पोल दुसऱ्या राज्याचे,
मी मोजायला घेतलेच नाहीत.
फोनवर म्हणतो, "या ना बाबा, लिफ्ट आहे."
लिफ्ट आहे, हे खरं आहे.
लिफ्टनं वर जाऊन करायचं काय
ते तोही सांगत नाही.

रंजू दर रविवारी यायची स्कूटीवर,
सासूचं जेवणखाण उरकून,
डब्यात लाखोरीचं वरण.
एकशे सदुसष्ट पोलांत वरण कोमट होतं,
पावसाळ्यात थंड.
"आता तिकडंच या," म्हणायची,
"रात्री फोन वाजला का छातीत धस्स होते माह्या."

मी तयार होतो. खरं सांगतो,
गुडघे दुखायच्या आधीपासून तयार होतो.
अनुसया नव्हती.

ती कारण सांगत नसे.
कधी कोंबड्यांचं नाव घ्यायची,
कधी सांदवाडीतल्या वालाच्या वेलाचं,
एकदा तर म्हणाली, नागभीडचं पाणी जड आहे.
मला ठाऊक होतं.
कुडापलीकडं पार्बता राहायची, तिची धाकटी बहीण.
दोघी एकाच मांडवातून या गावात आलेल्या.
पहाटे पलीकडून खोकला यायचा,
इकडून हिचा जायचा.
एवढंच.
मधे एक पोल नाही, तार नाही,
आणि सप्लाय बंद पडलेला मी कधी पाहिला नाही.

मार्गशीर्षात पार्बताला तिच्या लेकानं चंद्रपूरला नेलं.
बरं केलं त्यानं. एकटी किती दिवस राहणार?
गाडीत बसताना बहिणीला म्हणाली,
"माह्या कोंबडीकडे पायजो वं बाई, खुडूक बसली हाये."
बाकी काही नाही.

पुढले अकरा दिवस
अनुसया पहाटे खोकली,
थांबली, ऐकलं,
मग उठून चूल पेटवली.
बाराव्या दिवशी भात वाढता वाढता म्हणाली,
"रंजूले सांगा, खोली पाय म्हना.
तिच्या घरात नोको. घराजवळ."
घरात का नको, मी विचारलं.
"पोरीच्या घरी चहा मांगा लागते."

खोली मिळाली, रंजूच्या घरापासून तीन पोलांवर.
मेटॅडोरमध्ये सामान कमीच झालं,
दोन पेट्या, पाटा, माझी जुनी शिडी.
शिडी कायले, अनुसयानं विचारलं नाही.
ती पुढं बसली, मांडीवर टोपली,
टोपलीत पार्बताची खुडूक कोंबडी
अंड्यांसकट.
मी मोजणार नव्हतो, तरी मोजले गेले.
वाकड्या पोलाजवळ ड्रायव्हरला म्हणालो, हळू घे.
त्याला वाटलं कोंबडीसाठी.

पहिल्याच रात्री लाइट गेली.
सवयीनं मी बाहेर आलो,
आपलाच फ्यूज की सगळीकडची, ते पाहायला.
रंजूचं घरही काळोखात.
आतून तिची सासू मेणबत्ती कुठं ठेवली विचारत होती.
मग रंजूचा आवाज आला,
"बाबा, तुमचीबी गेली का?"
फोनवर नाही. तोंडानं.

"गेली," मी म्हणालो.
एकाच डीपीवर आलो होतो आम्ही.
बत्तीस वर्षांत लाइट गेल्यावर
मी असा नुसता उभा राहिलेलो नाही,
हात मागे बांधून, काही न करता.

आत आलो तर अनुसया जागीच.
एकदा खोकली.
थांबली.
टोपलीतली कोंबडी
अंधारात हळूच काहीतरी बोलली.